विल्यम रॅमसे
सर विल्यम रॅमसे (२ ऑक्टोबर, १८५२ - २३ जुलै, १९१६) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. हवेतील निष्क्रिय वायूंचा शोध लावून आवर्तसारणीतील त्यांचे स्थान निश्चित केल्याबद्दल त्यांना १९०४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

रॅमसे यांचा जन्म ग्लासगो येथे झाला. १८७२ साली जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८८० पासून ते ब्रिस्टल येथे आणि १८८७ ते १९१२ या काळात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

संशोधन

हवेतून मिळवलेला नायट्रोजन संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड असतो, असे लॉर्ड रॅले यांना आढळले होते. हवेतील नायट्रोजनात एखादा अज्ञात जड वायू मिसळलेला असावा, असा रॅमसे यांचा कयास होता. त्यांनी हा नायट्रोजन तप्त मॅग्नेशियमवरून वारंवार नेऊन शोषून घेतला. उरलेल्या वायूचा वर्णपट कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळला नाही. १८९४ साली दोघांनी या नव्या वायूची घोषणा केली. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आरगॉन हे नाव देण्यात आले.

आरगॉनमुळे आवर्तसारणीपुढेच प्रश्न उभा राहिला. त्याचा अणुभार (३९.९) पोटॅशियमपेक्षा (३९.१) अधिक होता आणि सारणीत त्याच्यासाठी जागा नव्हती. मेंडेलीव्ह यांना तर तो तीन अणूंचा नायट्रोजन वाटला. १८९५ साली रॅमसे यांनी क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम मिळवला. तोपर्यंत तो केवळ सूर्याच्या वर्णपटावरून ठाऊक होता. या दोन वायूंवरून हॅलोजन व अल्कली धातू यांच्या दरम्यान मूलद्रव्यांचा एक नवा गण असला पाहिजे, असे त्यांनी मांडले. १८९८ साली मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह द्रवरूप हवेचे भागशः ऊर्ध्वपातन करून त्यांनी क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन हे वायू शोधले. या गणात अणुभाराबरोबर घनता व उत्कलनांक वाढत जातात: हेलियम −२६९°, निऑन −२४६°, आरगॉन −१८६°, क्रिप्टॉन −१५३° व झेनॉन −१०८° सेल्सियसला उकळतो. आरगॉन व पोटॅशियम यांच्या क्रमाचे कोडे पुढे अणुक्रमांकाच्या संकल्पनेने सुटले.

१९०३ साली फ्रेडरिक सॉडी यांच्यासह त्यांनी रेडियमपासून हेलियम निर्माण होतो हे सिद्ध केले.

भारताशी संबंध

जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी रॅमसे यांनी भारताचा दौरा करून बंगळूर हे ठिकाण सुचवले. तेथे स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक ट्रॅव्हर्स हेच होते.

मृत्यू

नाकाच्या कर्करोगामुळे हाय विकम येथे त्यांचे निधन झाले.