नाना पाटील

नाना रामचंद्र पाटील (३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील नेते, सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचे प्रणेते व दोन वेळा लोकसभेचे सदस्य होते. ते 'क्रांतिसिंह' या उपाधीने ओळखले जातात. तुटपुंजा पैसा आणि मोजकी शस्त्रे असतानाही त्यांच्या चळवळीने १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश सत्तेला समांतर असा कारभार चालवला.

पूर्वायुष्य

नाना पाटील यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र. हा भाग त्या वेळी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या नानांनी काही काळ तलाठ्याची नोकरी केली. त्यांच्यावर सत्यशोधक चळवळीचा प्रभाव होता. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. पुढील काळात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला. सरकारने त्यांचे घर व जमीनही जप्त केली. ग्रामीण बोलीतील त्यांची भाषणे ऐकण्यासाठी गावोगावी मोठी गर्दी जमत असे.

१९४२ चा उठाव आणि प्रतिसरकार

'छोडो भारत' चळवळीत जिल्ह्यातील तालुका कचेऱ्यांवर निःशस्त्र मोर्चे काढण्यात आले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूज येथे व दुसऱ्या दिवशी इस्लामपूर येथे पोलिसांनी मोर्चावर गोळीबार केला. त्यात अनेक सत्याग्रही हुतात्मे झाले. यानंतर कार्यकर्त्यांनी भूमिगत राहून लढण्याचा मार्ग पत्करला आणि १९४३ मध्ये प्रतिसरकार आकाराला आले. गावोगावच्या समित्या तंटे सोडवत, दरोडेखोर व सावकार यांना जरब बसवत, दारूबंदी अमलात आणत आणि कमी खर्चाचे 'गांधी विवाह' लावत. तळपायांवर फटके मारण्याच्या शिक्षेमुळे या सरकारला 'पत्री सरकार' असेही म्हटले गेले.

शस्त्रांचा प्रश्न

प्रतिसरकारच्या संरक्षणासाठी कुंडल येथे तुफान सेना उभी राहिली. जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, कॅप्टन रामचंद्र लाड हे तिच्यातील प्रमुख होते. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा गुन्हा होता. त्यामुळे उघड बाजारातून खरेदी करणे अशक्य होते. ब्रिटिश फौजेची .३०३ ली-एनफील्ड ही बोल्ट ॲक्शन रायफल होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी ही रायफल लांब पल्ल्यावर अचूक होती व तिच्यात दहा काडतुसे मावत. गावठी बंदुका तिच्यापुढे टिकण्यासारख्या नव्हत्या. शिवाय रायफल मिळाली तरी तिच्या मापाची काडतुसे नसतील तर ती निरुपयोगी ठरे. म्हणून पोलिसांचीच शस्त्रे व काडतुसे एकत्र हस्तगत करणे हा कमी खर्चाचा, परंतु जिवावरचा मार्ग होता. भवानीनगर येथील पोलीस ठाण्यासमोर नानांची कन्या हौसाबाई यांनी नवरा-बायकोच्या भांडणाचा देखावा उभा करून पोलिसांचे लक्ष वेधले. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी ठाण्यातून चार रायफली व काही काडतुसे पळवली. पोर्तुगीज सत्तेखालील गोव्यातूनही शस्त्रे आणली गेली.

पैशाची गरज सरकारी रकमेतून भागवली गेली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवण्यात आली आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यातील चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटण्यात आला. या लढ्याची किंमतही मोठी होती. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूर येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर व नानकसिंग हे हुतात्मे झाले.

शस्त्रबळात सरकार व तुफान सेना यांची तुलनाच होऊ शकत नव्हती. तरीही नाना पाटील १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांना आसरा देणारी, निरोप पोहोचवणारी व मौन राखणारी गावे हे त्याचे मुख्य कारण होते. १९४६ मध्ये ते कराड येथे जनतेसमोर प्रकट झाले.

स्वातंत्र्योत्तर कार्य

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात व पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीत त्यांनी भाग घेतला. १९५७ मध्ये साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून आले.

निधन व स्मृती

६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.