दामोदर कोसंबी आणि मावळच्या देवी

थोर गणितज्ञ व इतिहाससंशोधक दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. हार्वर्ड विद्यापीठात शिकून ते पुढे पुण्यात स्थायिक झाले. कार्ल्याची लेणी अनेकांनी अभ्यासली. कोसंबींनी मात्र लेण्याच्या दाराशी बसलेल्या एकवीरेकडे आणि समुद्रकाठाहून तिच्या दर्शनास येणाऱ्या कोळी बांधवांकडेही तितक्याच आस्थेने पाहिले. मावळात पायी हिंडून, गावकऱ्यांना विचारून त्यांनी शेंदूर फासलेल्या तांदळ्यांचा माग काढला. मातृदेवतांची ही ठाणी प्राचीन वाटांच्या संगमावर असून लेण्यांहूनही जुनी असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्वतः नास्तिक असलेल्या या विद्वानाने निरक्षरांच्या श्रद्धेला शिलालेखाच्या बरोबरीचा पुरावा मानले, हे विशेष. १९६२ साली ‘मिथ अँड रिॲलिटी’ ग्रंथात हे संशोधन प्रसिद्ध झाले. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.