थॉमस कपचे थॉमस

15 मे 2022 या दिवशी बँकॉकमध्ये भारताच्या बॅडमिंटन संघाने इंडोनेशियाचा 3-0 असा पराभव केला आणि थॉमस कप पहिल्यांदाच जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. वर्तमानपत्रांत कपाचे मोठे फोटो आले. मी वर्गात विचारले, की हे थॉमस कोण? एका मुलाने ते कप बनवणाऱ्या कारखान्याचे नाव असेल, असे सांगितले. सगळे हसले, पण खरे उत्तर हसणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणून आज तुम्हांला सर जॉर्ज थॉमस यांची गोष्ट सांगतो.

जॉर्ज थॉमस यांचा जन्म 14 जून 1881 रोजी इस्तंबूलजवळ झाला. इस्तंबूल तेव्हा उस्मानी सल्तनतीची राजधानी होती. थॉमस घराणे इंग्लंडमधील खानदानी घराणे होते. त्यांची आई लेडी एडिथ बुद्धिबळ फार चांगले खेळे. 1895 मध्ये हेस्टिंग्ज या गावी स्त्रियांसाठी बुद्धिबळाची स्पर्धा झाली. स्त्रियांच्या अगदी सुरुवातीच्या स्पर्धांपैकी ही एक. ती लेडी एडिथ यांनी जिंकली. जॉर्ज तेव्हा चौदा वर्षांचा होता. ज्या खेळाला आपण घरी शतरंज म्हणतो, तो खेळ त्याला आईनेच शिकवला. त्यामुळे जॉर्जच्या एका हातात रॅकेट आणि दुसऱ्या हातात प्यादे, असे आयुष्यभर चालले.

आता थोडे बॅडमिंटनविषयी. आजच्या बॅडमिंटनचा आपल्या पुण्याशी जवळचा संबंध आहे, हे तुम्हांला माहीत आहे का? 1870 च्या सुमारास पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्यांनी त्याचे सुरुवातीचे नियम तयार केले. काही लोक तर या खेळाला 'पूना' असेच म्हणत. हे अधिकारी मायदेशी परतले, तेव्हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. 1899 मध्ये इंग्लंडमध्ये 'ऑल इंग्लंड' ही स्पर्धा सुरू झाली. गंमत अशी, की पहिल्या वर्षी तिथे एकेरीचे सामनेच नव्हते. पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी एवढेच सामने झाले. एकेरी पुढच्या वर्षी आली.

जॉर्ज थॉमस यांनी या स्पर्धेत पहिले विजेतेपद 1903 मध्ये मिळवले, तेही मिश्र दुहेरीत. त्यांची जोडीदार होती एथेल थॉमसन. हीच एथेल पुढे 1912 मध्ये विंबल्डनची टेनिस विजेती झाली. त्यानंतर पुरुष दुहेरीत थॉमस यांनी हेन्री मॅरेट यांच्याबरोबर 1906, 1908, 1910 आणि 1912 अशी चार विजेतेपदे मिळवली. पुढची दोन वर्षे फ्रँक चेस्टरटन जोडीला होते. मिश्र दुहेरीत हेझल होगार्थ या खेळाडूबरोबर ते चार वेळा जिंकले.

तुम्ही शाळेच्या अंगणात दोन खांबांना जाळी बांधून खेळता, तेव्हा दुहेरीत काय होते ते आठवा. फूल दोघांच्या मधोमध येते. दोघेही थांबतात, किंवा दोघेही धावतात आणि रॅकेटवर रॅकेट आपटते. मग भांडण! एकेरीचे मैदान 17 फूट रुंद असते, दुहेरीचे 20 फूट. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले, पण जागा फक्त तीन फुटांनी वाढली. म्हणून दुहेरीत कोणी जाळीपाशी राहायचे, कोणी मागे जायचे, हल्ला आला की शेजारी शेजारी कसे उभे राहायचे, हे सारे क्षणात ठरवावे लागते. बोलायला वेळ नसतो. जोडीदाराचे पाऊल पाहून आपले पाऊल टाकायचे असते. माझ्या मते हे काम एकेरीपेक्षा अवघड आहे. थॉमस यांनी ते एक-दोन नव्हे, अनेक जोडीदारांबरोबर करून दाखवले.

पहिल्या महायुद्धामुळे 1915 ते 1919 ही स्पर्धा बंद राहिली. खेळाडूच्या आयुष्यातली पाच वर्षे अशी जाणे ही लहान गोष्ट नाही. 1920 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा थॉमस 38 वर्षांचे होते. या वयात खेळाडू सहसा रॅकेट भिंतीला टांगतात. थॉमस यांनी मात्र त्या वर्षी एकेरीचे पहिले विजेतेपद जिंकले आणि 1923 पर्यंत ते सलग चार वर्षे आपल्याकडेच ठेवले! 1928 मध्ये फ्रँक हॉज यांच्या जोडीने त्यांनी पुरुष दुहेरीचे शेवटचे विजेतेपद मिळवले. वय 46 वर्षे. एकेरीची 4, पुरुष दुहेरीची 9 आणि मिश्र दुहेरीची 8, अशी एकूण 21 विजेतेपदे झाली. त्या स्पर्धेत इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणी मिळवलेली नाहीत. त्यांतली 17 त्यांनी कोणाबरोबर तरी वाटून घेतली होती.

त्यांच्या बुद्धिबळाबद्दल सांगितले नाही, तर आपल्यातले शतरंजवाले रागावतील. 1912 मध्ये लंडनच्या एका क्लबात थॉमस यांचा एडवर्ड लास्कर यांच्याशी डाव झाला. (जगज्जेते इमॅन्युएल लास्कर ते वेगळे.) लास्कर यांनी आपला वजीर बळी दिला आणि थॉमस यांच्या राजाला पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवत नेऊन मात केली. अवघ्या 18 चालींत डाव संपला. एवढी फजिती झाल्यावर तुम्ही-आम्ही काय केले असते? थॉमस यांनी लास्कर यांच्या खेळाची मनापासून तारीफ केली. तो डाव आजही जगभर दाखवला जातो. थॉमस यांचे नाव अनेकांना त्या पराभवामुळेच माहीत आहे.

1930 मध्ये हॅम्बुर्गच्या ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघातून खेळले. त्याच संघात आपल्या पंजाबचे मीर सुलतान खान होते. सुलतान खान यांनी ब्रिटिश अजिंक्यपद तीन वेळा जिंकले. ते मायदेशी परतल्यावर, 1934 मध्ये, ते पद थॉमस यांना दुसऱ्यांदा मिळाले. त्याच हिवाळ्यात हेस्टिंग्जला, म्हणजे जिथे आई जिंकली होती त्याच गावी, त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका आणि पुढे जगज्जेते झालेले बोटविनिक या दोघांनाही हरवले आणि पहिला क्रमांक इतर दोघांबरोबर मिळवला. तेव्हा ते 53 वर्षांचे होते.

1934 मध्येच आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ स्थापन झाला. सुरुवातीला त्यात नऊ देशांच्या संघटना होत्या. पहिले अध्यक्ष थॉमस झाले आणि 1955 पर्यंत राहिले. तोपर्यंत सगळ्या देशांचे संघ एकमेकांशी खेळतील, अशी स्पर्धाच नव्हती. ती व्हावी म्हणून 1939 मध्ये थॉमस यांनी एक कप देण्याचे जाहीर केले. कप तयार, पण त्याच वर्षी दुसरे महायुद्ध पेटले. कप तसाच पडून राहिला. पहिला अंतिम सामना इंग्लंडमधील प्रेस्टन येथे व्हायला 1949 साल उजाडले. थॉमस तेव्हा 67 वर्षांचे होते. सामना मलाया आणि डेन्मार्क यांच्यात झाला. ज्या मलायावर अजून इंग्रजांचेच राज्य होते, त्या मलायाने 8-1 असा विजय मिळवून कप नेला. इंग्लंडला हा कप आजवर एकदाही जिंकता आलेला नाही.

थॉमस अविवाहित होते. 23 जुलै 1972 रोजी वयाच्या 91 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. घराण्याची पिढीजात पदवीही त्यांच्याबरोबरच संपली.

बँकॉकच्या त्या सामन्याकडे पुन्हा येऊ. लक्ष्य सेनने पहिली लढत जिंकली. दुसरी लढत दुहेरीची होती. चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी पहिला गेम 18-21 असा हरले. दुसरा त्यांनी 23-21 असा कसाबसा ओढून आणला आणि तिसरा 21-19 असा जिंकला. मग श्रीकांतने एकेरीची लढत जिंकली आणि कप भारताचा झाला. त्या कपाचा फोटो मिळाला तर नीट पाहा. सुमारे 71 सेंटिमीटर उंचीचा कप आहे. त्याच्या झाकणावर बॅडमिंटन खेळणारी एक मूर्ती आहे. दुहेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या कपावर खेळाडू मात्र एकटाच उभा आहे.