मदतीची किंमत आणि नाना फडणवीस

राज्यात वारसाचा तंटा पेटला की बाहेरचा सत्ताधीश मदत घेऊन दाराशी उभा राहतो. त्या मदतीची किंमत मात्र तंटा मिटल्यावरच कळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी राज्याला हा अनुभव आला आणि त्याचे दोन कसोटीचे प्रसंग आजच्या रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, बोरघाटाच्या पायथ्याशी घडले. त्या अनुभवाच्या केंद्रस्थानी जो पुरुष होता, त्याने बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ खोपोलीस आहे. कर्जतच्या डोंगरांमागे उभ्या असलेल्या भीमाशंकराच्या शिखराशीही त्याचेच नाव जोडलेले आहे. तो पुरुष म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, अर्थात नाना फडणवीस.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. वडिलांच्या पश्चात पंधराव्या वर्षाच्या आतच फडणिशी त्यांच्याकडे आली. १७६१ साली पानिपतावरून ते जिवानिशी परतले, पण मातोश्रींना तेथेच अंतरले. तलवार गाजविण्याचा त्यांचा पिंड नव्हता. हिशेब, पत्रव्यवहार आणि बातमी ही त्यांची शस्त्रे होती.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. त्यांच्याविरुद्ध कारभाऱ्यांनी बारभाईंची जूट उभी केली. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंना पुत्र झाला आणि त्या अर्भकाच्या नावाने कारभार सुरू झाला. हाती काही न उरलेल्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांकडे धाव घेतली. साष्टी आणि वसईवर मुंबईकरांचा डोळा फार दिवसांपासून होता. १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला त्यांनी करार होण्यापूर्वीच घेतला होता. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने त्यांनी अडीच हजार फौज देऊ केली. तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर आणि वर साष्टी-वसई, असा तो सौदा होता.

नानांचे मोठेपण हे की प्रतिपक्षातील दुफळी त्यांनी ओळखली. कलकत्तेकरांना मुंबईचा हा उद्योग मान्य नव्हता. त्यांच्या वकिलाशी १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास तह झाला. तरीही मुंबईकरांनी रघुनाथरावांचा आश्रय काढून घेतला नाही. तेव्हा १७७७ साली पुण्यास आलेल्या सेंट लुबिन या फ्रेंच गृहस्थाचा नानांनी जाहीर सत्कार केला. त्याच्या अधिकाराविषयी शंका होती, पण इंग्रजांच्या पोटात गोळा येण्यास एवढे पुरेसे होते.

१७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची इंग्रज फौज रघुनाथरावांना घेऊन पनवेलहून बोरघाट चढली. सामानासाठी तिच्याबरोबर हजारो बैल होते. मराठ्यांनी समोरासमोर निकाल लावण्याचे टाळले, रसद तोडली आणि तळेगाव जाळून मोकळे केले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावास ती फौज कोंडीत सापडली आणि तिला तह करावा लागला. रणांगणाचे श्रेय महादजी शिंद्यांचे, जुळणीचे नानांचे.

हा तह इंग्रजांनी मानला नाही. नानांनी १७८० साली हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एका सूत्रात गोवले. जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि १७८१ च्या आरंभी तो घाटाखाली खोपोलीस येऊन बसला. पुणे टप्प्यात आहे असे दाखवून तह पदरात पाडण्याचा त्याचा बेत होता, पण नाना बधले नाहीत. परशुरामभाऊ पटवर्धनांनी खोपोली-पनवेलच्या दरम्यान त्याची रसद तोडली. एप्रिलमध्ये चारशेंहून अधिक माणसे जायबंदी वा ठार होऊन तो पनवेलीस परतला. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. रघुनाथरावांना नेमणूक मिळाली, वसई परत आली, साष्टी मात्र गेली ती गेलीच.

येथवरचे चरित्र अभिमानाचे आहे, पण ते येथे संपत नाही. १७९० साली टिपूविरुद्ध नानांनी त्याच इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७९५ साली सवाई माधवराव वारले आणि वारसाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हा नाना जीव वाचविण्यासाठी महाडास गेले. तेथून १७९६ साली निजामाशी करार करून, खर्ड्याच्या विजयाने मिळविलेले बहुतेक परत देण्याचे त्यांनी कबूल केले. रघुनाथरावांनी मदतीसाठी जे केले, तेच आकाराने लहान असे नानांच्या हातून घडले. अल्पवयीन धन्याच्या नावे कारभार केला, पण धन्याला कारभारात तयार केले नाही. सारे सूत्र एका हाती ठेवले, तेव्हा तो हात निकामी होताच बाहेरच्या आधारावाचून गत्यंतर राहिले नाही. पुढे काही महिने त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदही भोगावी लागली.

१३ मार्च १८०० रोजी नाना गेले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, रघुनाथरावांचा पुत्र बाजीराव याने वसईस तह करून कंपनीची फौज कायमची पदरी घेतली. सुरतेत बापाने मागितलेली मदत मुलाने स्वीकारली आणि १८१८ साली राज्य बुडाले.

घरच्या यादवीत परक्याची मदत घेणाऱ्यांची उदाहरणे जगात आजही कमी नाहीत. मदत देणारा न्यायान्याय पाहून येत नाही. तो साष्टी पाहून येतो. हे नानांनी इतरांआधी ओळखले होते. परंतु परक्याला घाटाखाली रोखणे एका मुत्सद्द्याला साधते. त्याची गरजच पडू नये अशी व्यवस्था मात्र एकट्याने उभी राहत नाही. तिला नियम लागतात, वारस लागतात आणि परस्परविश्वास लागतो. नानांच्या हातून नेमके तेच राहून गेले.