अर्न्स्ट श्टाल

अर्न्स्ट श्टाल (२१ जून १८४८ – ३ डिसेंबर १९१९) हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. प्रकाशाची दिशा व तीव्रता यांनुसार पेशीतील हरितलवके जागा बदलतात, हे त्यांनी १८८० मध्ये पद्धतशीर प्रयोगांनी दाखवून दिले.

श्टाल यांचा जन्म स्ट्रासबर्गजवळील शिल्टिगहाइम येथे झाला. आल्सेस प्रांत तेव्हा फ्रान्समध्ये होता. १८७१ मध्ये तो जर्मनीकडे गेला. त्यांचे आरंभीचे गुरू मिलार्दे (द्राक्षबागायतदारांच्या परिचयाच्या बोर्डो मिश्रणाचे जनक) फ्रान्सला निघून गेले. श्टाल यांनी मात्र अंतोन द बारी यांच्याकडे अध्ययन पुढे चालवले. नंतर ते व्यूर्त्सबुर्ग येथे झाक्स यांचे साहाय्यक होते. दगडफूल हे बुरशी व शैवाल यांचे सहजीवन आहे, हे मत तेव्हा वादग्रस्त होते. श्टाल यांनी १८७७ मध्ये बुरशीचे बीजाणू आणि शैवाल एकत्र वाढवून दगडफूल घडवले. १८८१ पासून अखेरपर्यंत ते येना विद्यापीठात प्राध्यापक व तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक होते.

हरितलवकांचे स्थलांतर ब्योम यांनी १८५६ मध्येच पाहिले होते. श्टाल यांनी त्याची कारणमीमांसा शोधली. मूजोशिया या गोड्या पाण्यातील तंतुमय शैवालाच्या पेशीत एकच चपटे, पट्टीसारखे हरितलवक असते. मंद प्रकाशात ते आपली रुंद बाजू प्रकाशाकडे करते, तर प्रखर प्रकाशात वळून केवळ कड समोर ठेवते. पानांतही मंद प्रकाशात हरितलवके प्रकाशाला सामोऱ्या भिंतींशी पसरतात आणि कडक उन्हात बाजूच्या भिंतींलगत सरकतात. मंद प्रकाश पुरेपूर मिळवणे व अतिप्रकाशापासून बचाव करणे, असा याचा अर्थ त्यांनी लावला. हरितलवकांच्या आकारबदलाचा सविस्तर अभ्यास पुढे गुस्ताव्ह झेन यांनी १९०८ च्या ग्रंथात केला.

गोगलगाईंपासून वनस्पती स्वतःला कसे वाचवतात, यावरील श्टाल यांचा १८८८ चा ग्रंथही महत्त्वाचा आहे. अळू खाल्ल्यावर घशाला खाज आणणाऱ्या सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक हे वनस्पतींचे संरक्षण होय, असे त्यांनी प्रतिपादिले. जावाच्या प्रवासानंतर त्यांनी, पिंपळाच्या पानाला असते तशा लांब टोकामुळे पावसाचे पाणी लवकर निथळते, असेही मांडले.

बचावाचा त्यांचा तर्क दीर्घकाळ प्रत्यक्ष प्रमाणाविना राहिला. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी हरितलवके बाजूला सरकवू न शकणारी उत्परिवर्तित रोपे प्रखर प्रकाशात वाढवली. त्यांच्या पानांची हानी सामान्य रोपांपेक्षा अधिक झाली.