सृष्टीचे अभ्यासक संत आल्बर्ट

एका थोर संताचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. देवाच्या शोधार्थ ज्यांनी पवित्र शास्त्राबरोबरच पाने, फुले व पाखरेही न्याहाळली, ते हे संत आल्बर्ट महान होत.

त्यांचा जन्म सुमारे १२०० साली जर्मनीत डॅन्यूब नदीकाठच्या लाउइंगेन गावी झाला. इटलीत पादुआ येथे शिकत असता त्यांनी दोमिनिकन संघात प्रवेश केला. पुढे पॅरिस व कलोन येथे त्यांनी अध्यापन केले. संत थॉमस अक्विनास हे त्यांचेच शिष्य. संघाचे प्रांताधिकारी असता ते मठोमठी पायीच फिरत. १२६० साली ते रेगेन्सबुर्गचे बिशप झाले. परंतु दोनच वर्षांत त्यांनी ते पद सोडले.

त्या काळी अॅरिस्टॉटलच्या सृष्टिविषयक ग्रंथांचे पुष्कळ धार्मिकांस भय वाटे. पॅरिसात १२१० साली त्यांच्या अध्यापनास बंदीही झाली होती. आल्बर्ट यांनी मात्र ते सर्व ग्रंथ विशद करण्याचे कार्य हाती घेतले. निसर्गात कोणत्या कारणाने काय घडते हे शोधणे श्रद्धेस बाधक नाही, अशी त्यांची धारणा होती. अॅरिस्टॉटलही मनुष्यच असल्याने चुकू शकतो, हेही ते सांगत.

काही रानहंस झाडापासून उपजतात असा समज तेव्हा रूढ होता. म्हणून ते मांस नव्हे असे मानून काही लोक उपवासातही ते खात. आल्बर्ट यांनी त्या पक्ष्यांना अंडी घालताना स्वतः पाहिले व तो समज खोटा ठरविला. शहामृग लोखंड खातो हे ऐकून त्यांनी त्याच्यापुढे लोखंड टाकून पाहिले. त्याने ते खाल्ले नाही.

परंतु त्यांची दृष्टी केवळ चौकस नव्हती. वस्तूचे अंतःस्वरूप तिच्या सुप्रमाण अवयवांतून झळकते, तेच सौंदर्य, असे त्यांनी प्रतिपादिले. म्हणजे फुलाची शोभा वरून चढविलेला साज नसून त्याच्या अस्तित्वाचाच प्रकाश होय. वनस्पतींवरील ग्रंथात त्यांनी एका उद्यानाचेही वर्णन केले आहे. तेथे मऊ हिरवळ, सुगंधी रोपे व गुलाब असावेत आणि झाडे फळांपेक्षा सावलीसाठी लावावीत. डोळ्यांस व घ्राणास आनंद देणे, एवढेच त्या उद्यानाचे प्रयोजन.

१५ नोव्हेंबर १२८० रोजी कलोन येथे त्यांनी देह ठेविला. १९३१ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत व ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. १९४१ साली पोप बारावे पायस यांनी त्यांना निसर्गशास्त्रज्ञांचे आश्रयदाते नेमिले.

वेदीवर फुले वाहताना आम्ही त्यांकडे क्षणभर तरी निरखून पाहतो काय? सृष्टीकडे डोळे मिटून निर्माणकर्त्याची स्तुती पुरी होत नाही, हा या संताच्या जीवनाचा बोध आम्हांस वाटतो. तो आम्हां सर्वांच्या अंतःकरणी ठसो.