तेरा गुणांची वही : बेंजामिन फ्रँकलिन

गुढीपाडवा आला, किंवा सुट्टी संपून शाळा उघडली, की आपणा सर्वांच्या मनात संकल्पांना पालवी फुटते. पहाटे उठावे, अक्षर सुधारावे, रोज व्यायाम करावा, कोणावर रागावू नये, अशी भली मोठी यादी तयार होते. पण नव्याचे नऊ दिवस सरले की यादी वहीत राहते आणि आपण पुन्हा होतो तसेच होतो. अशा माणसास आपल्या भाषेत आरंभशूर म्हणतात. या आरंभशूरपणावर सुमारे तीनशे वर्षांपूर्वी एका तरुण मुद्रकाने जो उपाय योजिला, त्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. त्या मुद्रकाचे नाव बेंजामिन फ्रँकलिन.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. वडील मेणबत्त्या व साबण तयार करीत. घरात एकंदर १७ मुले. त्यांतील मुलग्यांमध्ये बेंजामिन सर्वांत धाकटे. शाळेचा लाभ त्यांस जेमतेम दोन वर्षे झाला, आणि त्यातही गणितात ते नापास झाले. वयाच्या १२ व्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात त्यांची उमेदवारी सुरू झाली. तेथे त्यांस वाचनाची गोडी लागली. मांसाहार सोडून जेवणाच्या खर्चातून जे पैसे वाचत, त्यांची ते पुस्तके घेत. उत्तम लेखकाचा निबंध वाचावा, त्याची थोडी टिपणे करावी, काही दिवसांनी तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावा आणि मुळाशी ताडून चुका दुरुस्त कराव्या, असा त्यांचा अभ्यास असे. ज्या गणिताने शाळेत दगा दिला, तेही त्यांनी पुढे स्वतःच पुस्तक घेऊन पुरे केले.

भावाशी पटेना म्हणून १७२३ साली ते घर सोडून फिलाडेल्फिया येथे आले. लंडनमध्ये काही काळ मुद्रणाचे काम करून परतल्यावर १७२८ साली त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. व्यवसायाचा जम बसू लागला, त्याच सुमारास त्यांच्या मनाने एक धाडसी बेत घेतला. आपल्या हातून कोणताही दोष घडू नये, इतके निर्दोष जीवन जगावयाचे, असा तो बेत होता.

पण थोड्याच दिवसांत त्यांस कळून चुकले की, एका दोषावर नजर ठेवावी तोच दुसरा दोष मागच्या दाराने आत येतो. चांगले वागण्याची इच्छा आणि चांगले वागण्याची सवय या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरा कोणी येथे निराश झाला असता. फ्रँकलिन यांनी रीत बदलली. आपणास हवे असलेले गुण त्यांनी कागदावर मांडले. ते असे : मिताहार, मितभाषण, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, निष्कपटपणा, न्याय, संयम, स्वच्छता, मनःशांती, शुचिता आणि नम्रता. यांतील नम्रता प्रथम यादीत नव्हती. तुम्ही गर्विष्ठ आहात असे लोक समजतात, हे एका मित्राने स्पष्ट सांगितले, तेव्हा ती अखेरीस घातली गेली.

गुणांचा क्रमही विचारपूर्वक लावला होता. खाण्यापिण्यात आवर असेल तर डोके शांत राहते, म्हणून मिताहार प्रथम. व्यवस्थितपणाने वेळ वाचतो, तर काटकसर आणि उद्योग यांनी माणूस कर्जातून सुटतो, म्हणून त्यांना पुढचे स्थान.

मग त्यांनी एक छोटी वही केली. प्रत्येक पानावर आठवड्याच्या वारांची ७ उभी घरे आणि गुणांच्या १३ आडव्या ओळी आखल्या. रोज रात्री दिवसाचा हिशेब घ्यावयाचा आणि ज्या गुणात चूक झाली असेल, त्या घरात काळा ठिपका द्यावयाचा. मात्र एका आठवड्यात मुख्य लक्ष एकाच गुणाकडे. पहिल्या आठवड्यात मिताहाराची ओळ स्वच्छ राखली की दुसऱ्या आठवड्यात मितभाषणाकडे वळावयाचे. माळी साऱ्या बागेतील तण एकदम उपटू पाहत नाही, एक वाफा साफ करून दुसऱ्यास हात घालतो, तसा हा प्रकार होता. १३ आठवड्यांत एक फेरी आणि ५२ आठवड्यांच्या वर्षात बरोबर चार फेऱ्या! जुने ठिपके खोडून खोडून वहीच्या कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पत्र्यांवर तांबड्या रेघा आखून घेतल्या. त्यांवरील पेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत.

सर्वांत अधिक छळले ते व्यवस्थितपणाने. पहाटे पाच वाजता उठण्यापासून रात्री दहा वाजता निजण्यापर्यंतचे वेळापत्रक त्यांनी आखले होते खरे. परंतु धंद्यातील माणसे अवेळी येत, आणि वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय लहानपणापासून नव्हती. ठिपके काही केल्या कमी होईनात. हा नाद सोडूनच द्यावा, असे त्यांच्या मनात येई. या मनःस्थितीवर त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एका गृहस्थाला आपली कुऱ्हाड धारेप्रमाणेच सर्वांगी चकचकीत हवी होती. लोहाराने अट घातली की सहाणेचे चाक त्यानेच फिरवावे. फिरवून फिरवून तो दमला आणि आहे तशीच कुऱ्हाड परत मागू लागला. अजून ती ठिपक्याठिपक्यांची आहे, असे लोहाराने सांगताच, आपणास ठिपक्यांचीच कुऱ्हाड आवडते, असे म्हणून तो चालता झाला! आपली आवड बदलली नसून आपला हात दुखू लागला आहे, हे कबूल करणे किती कठीण असते! संकल्प सोडणाऱ्या प्रत्येकाजवळ अशी एक कुऱ्हाड असते, असे आम्हांस वाटते.

फ्रँकलिन यांनी चाक सोडले नाही. पुढे कामाच्या गर्दीत वर्षाला एकच फेरी होऊ लागली, नंतर काही वर्षांत एक. पण वही सदैव त्यांच्याजवळ असे. १७३१ साली त्यांच्या पुढाकाराने वर्गणीचे ग्रंथालय निघाले. १७५२ साली पतंगाच्या प्रयोगाने वीज व विद्युत एकच आहेत असे त्यांनी दाखविले. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही झाली. अशा मोठ्या पुरुषाने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना आपण निर्दोष झालो, असे म्हटले नाही. उलट व्यवस्थितपणा साधला नाही, आणि नम्रतेचा देखावाच अधिक साधला, हे मोकळेपणाने सांगितले.

तरीही एक मोठा ठिपका अनेक वर्षे त्यांच्या नजरेतून सुटला होता. न्यायाची ओळ वहीत असूनही त्यांच्या घरी गुलाम होते, आणि गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती त्यांचे वृत्तपत्र छापीत असे. हे अन्यायाचे आहे, हे मनाला पटण्यास फार काळ लागला. परंतु १७८७ साली ८१ वर्षांचे फ्रँकलिन पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी नष्ट करावी, असा अर्ज त्यांच्या सहीने अमेरिकेच्या काँग्रेसपुढे गेला. अर्जास यश आले नाही. १७ एप्रिल १७९० रोजी त्यांचे देहावसान झाले. ज्या ओळीकडे आपण कित्येक वर्षे पाहिलेच नाही, ती ओळ वयाच्या ८४ व्या वर्षीही पुन्हा तपासता येते, हा धडा आम्हांस त्यांच्या साऱ्या वहीहून मोलाचा वाटतो.

विद्यार्थी मित्रहो, कित्ता गिरविणाऱ्या मुलाचे अक्षर कित्त्याइतके सुरेख क्वचितच होते. परंतु गिरविता गिरविता हात वळतो, अक्षर सुवाच्य होते. आपल्या प्रयत्नाचे फलही फ्रँकलिन यांनी याच दृष्टान्ताने सांगितले आहे. तेव्हा या वर्षी लांबलचक यादी करू नका. एक गुण निवडा, एक आठवडा द्या, आणि रात्री निजण्यापूर्वी ठिपका प्रामाणिकपणे मांडा. ठिपका पडला म्हणून वही फाडू नका. पुढचा आठवडा कोराच असतो.